चौथा नारळ

साहेबांनी व्हिडिओ तिसऱ्यांदा लावला आणि लवू तांडेल तिसऱ्यांदा खूश झाला. कोल्हा काकडीला राजी, दुसरं काय! पण सत्तरी उलटलेल्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकायला मिळतो कधी? आणि आवाज तरी कसा, समुद्राच्या गाजेवर चढलेला, खणखणीत. बायको मथुरा पोलीस ठाण्याच्या पायरीवर देवाचा धावा करत बसली होती. तिला आत बोलवावं आणि म्हणावं, ऐक गो, मी नुसता घोरत नाही!

टेबलावर नोटीस होती आणि तिच्यावर लवूची सही. मंत्र्यांच्या दौऱ्यात भाषण करणार नाही, घोषणा देणार नाही, मुलाखत देणार नाही, मोबाईलवर काही टाकणार नाही. का, तर ग्रामसभेत तो बोलून गेला होता, ‘जेटीचे तीन नारळ फुटले, दगड एक पडाक नाय!’ कुणीतरी ते मोबाईलवर सोडलं आणि मंत्र्यांचं जिल्हाभर हसं झालं. आज सकाळी मंत्री त्याच जेटीचा चौथा नारळ फोडून गेले. नोटीस मोडली असं ठरलं तर गुन्हा दाखल होईल, हे साहेबांनी लवूला आल्या आल्याच सुनावलं होतं.

“तुम्ही भाषण केलंत,” साहेब म्हणाले. साहेब घाटावरचे. बदली होऊन महिनाही झाला नव्हता.

“नाय सायब. गाऱ्हाणां घातलंय.”

साहेबांनी तेजस्वीकडे पाहिलं. ही शिपाई वैभववाडीकडची. लवूच्या तोंडचा शब्द न् शब्द टिपायला सकाळी तिलाच मोबाईल देऊन पुढे उभं केलं होतं.

“सर, आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात,” ती जपून, ऑफिसातल्या मराठीत बोलली. “एक जण मागणं मागतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. या गावात तो मान यांच्या घराण्याचा. मंत्रिसाहेबही इकडचेच ना, सर. तेच म्हणाले, आधी गाऱ्हाणं, मग नारळ.”

साहेबांनी परत व्हिडिओवर बोट टेकवलं.

‘बा देवा म्हाराजा!’ मोबाईलमधला लवू गरजला. ‘ह्या तुझ्या लेकरांनी आज जेटीचो चवथो नारळ तुझ्यासमोर ठेवलोहा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळा किनारा एका सुरात.

‘पयल्या तीन नारळांचा खोबरां कोणी खाल्ल्यान ता तुका ठावक, माका बोलूक बंदी आसा रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आमच्यो होड्यो खडपाक आपटतत. ता सांगलां तर ज्येंका राग येता, तेंका बरी बुद्धी दी. आणि आमच्या तोंडाक ज्यां कुलूप घातलांहा, तेची चावी तुझ्याच हातात ऱ्हवांदे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

“हे महाराज म्हणजे कोण?” साहेबांनी विचारलं. “मंत्रिसाहेब?”

“देव, सायब!” लवूने दोन्ही कानांना हात लावले.

“आणि खोबरं खाणारे?”

“माका काय म्हायत! मी कोणाचा नाव घेतलंय? देवाक नावां सांगूची लागनत नाय.”

साहेबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. पहिल्याच रांगेत मंत्री उभे होते. डोळे मिटलेले, हात जोडलेले. लहानपणापासूनची सवय, जाते कुठे? प्रत्येक ‘व्हय म्हाराजा’ला त्यांचेही ओठ हलत होते. खोबऱ्याच्या वेळीसुद्धा. शेजारी सरपंच, त्यांच्या शेजारी ठेकेदार, सगळे माना डोलावून होकार देत होते.

“म्हणजे यात गुन्हा धरायचा तर...” साहेब म्हणाले आणि पुढचं गिळलं. मग त्यांनी कान टवकारले. सगळ्या गर्दीच्या वर एका बाईचा आवाज येत होता. असा टिपेला, की मोबाईलच्या पोटातून निघाल्यासारखा.

“ही कोण ओरडतेय? अगदी जवळून?”

तेजस्वीची मान खाली गेली. “मी, सर. निघून गेलं तोंडातून.”

“एकदा?”

“प्रत्येक वेळी, सर.”

लवूला हसू आवरेना. त्याने खोकल्याचं निमित्त केलं आणि पंच्यात तोंड लपवलं. साहेबांनी नोटीस बाजूला सारली. मग त्यांनी कागद ओढला, ‘भाषण आढळले नाही. धार्मिक विधी’ एवढंच लिहिलं आणि फाईल मिटली.

“जा आजोबा. पाचवा नारळ असला, तर मला आधी कळवा.”

बाहेर मथुराने आधी नवऱ्याचे हातपाय नीट आहेत ना ते पाहिलं आणि मग तोंडाचा पट्टा सुटला. “आता गप ऱ्हवशात काय नाय? मेल्या जिभेक हाड म्हणान नाय!” लवू मात्र मनातून तृप्त होता. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं, आणि तेही सरकारी मोबाईलवर.

दोघं फाटकापाशी पोचली तोच मागून बुटांचा आवाज आला. तेजस्वी. तिने एकदा ठाण्याच्या खिडकीकडे वळून पाहिलं. ऑफिसातली मराठी आतच राहिली होती.

“आजोबांनू, आमच्या वाडयेक येशात काय? व्हाळावरचो साकव पडान तीन वर्सां झाली. पोरां व्हाळाच्या पाण्यातसून शाळेत जातत.”

मथुराने लवूचा सदरा धरून ओढला. लवू जागचा हलला नाही.

“येतलंय गो,” तो म्हणाला. “पण मोबाईल तूच धर.”