तारखेची जागा कोरी

डेल्बर्ट मेल्याचं पत्र ऑरिनच्या हातात होतं, आणि डेल्बर्ट खिडकीबाहेर चिखलात उभा राहून सिगारेट ओढत होता.

गळ्यात तोच लाल मफलर. ऑरिनच्या बहिणीनं विणलेला. पुढच्या महिन्यात दोघांचं लग्न ठरलं होतं. चोवीस वेळा डेल्बर्ट विमानाच्या शेपटाशी मशीनगन धरून जर्मनीवर गेला आणि परत आला. आजची पंचविसावी मोहीम झाली की सुटका, मग बोट पकडून थेट घरी, आयोवाला. आणि इथे कर्नल हॅडलीच्या हस्ताक्षरात डेल्बर्टच्या आईला लिहिलेलं होतं, 'प्रिय श्रीमती ओटिस, तुमचा मुलगा आता परत येणार नाही.' वर तारखेची जागा तेवढी कोरी.

ऑरिन कर्नलचा कारकून. नकाशा शोधताना त्यानं चुकून पत्र्याची पेटी उघडली होती. पेटीत दोनशेवर पत्रं. तळावरच्या उडणाऱ्या प्रत्येक माणसाचं एकेक, आडनावाप्रमाणे लावलेलं.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उड्डाणाच्या सकाळी इथली पोरं अंथरूणसुद्धा आवरत नाहीत. आवरलं की माणूस परत येत नाही म्हणे. 'शेवटची' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. डेल्बर्टही आजच्या मोहिमेला 'चोविसाच्या पुढची' म्हणत होता. आणि एकवीस बॉम्बफेकी विमानांच्या या प्रमुखानं जिवंत माणसांची श्राद्धं उरकून ठेवली होती! माणूस आधीच कुणाला आवडत नव्हता. हसायचा नाही, प्यायचा नाही. अधूनमधून दार लावून शेगडीत कागद जाळायचा. स्वतःच्या चुका जाळतो, असं सगळा तळ म्हणायचा.

कर्नल हातमोजे चढवत आत आला. "नकाशा सापडला?"

"हे काय आहे?" सर म्हणायचं ऑरिन विसरला. "तो बघा, बाहेर उभा आहे! धडधाकट! माझ्या बहिणीचा नवरा व्हायचाय तो. आणि तुम्ही आधीच पुरून मोकळे झालात?"

कर्नल ओरडला नाही. त्यानं खिशातून एक चुरगळलेलं पाकीट काढून पुढे केलं. "वाच."

ओहायोच्या कुणा बाईचं पत्र होतं. 'कर्नलसाहेब, तुमचं पत्र परत पाठवते आहे. माझा लायल सदा हसतमुख असायचा, गाणी म्हणायचा, असं तुम्ही लिहिलंय. लायल जन्माचा तोतरा. तो कधी गायला नाही, फारसा हसलाही नाही. हा कुणाचा मुलगा?'

"लायल गेला त्या आठवड्यात साठ पत्रं हातानं लिहिली," कर्नल म्हणाला. "वरच्या कचेरीनं छापील मजकूर धाडला होता. नुसतं नाव घाला म्हणे. नाव घाला! गुरांच्या कानात बिल्ले अडकवतात तसं!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मेल्यावर चेहरे आठवत नाहीत रे. एकात एक मिसळतात. म्हणून समोर आहेत तोवर बघून लिहितो. पंचवीस मोहिमा झाल्या की जाळतो."

"पण मरतात ते तुमच्याच हुकमानं," ऑरिन म्हणाला.

"म्हणूनच." कर्नलनं नकाशा उचलला. आज सगळ्यांत पुढच्या विमानात तो स्वतः होता. ही त्याची अकरावी मोहीम.

विमानं गेल्यावर ऑरिननं डेल्बर्टचं पत्र पुरतं वाचलं. 'मफलर धुवायला देत नाही. घाण झालाय म्हटलं, तर म्हणाला, तिच्या हातचा वास जाईल. समोरचा घाबरलेला असला की पत्त्यांत मुद्दाम हरतो.' वर्षभर ऑरिन रोज डेल्बर्टला हरवत होता आणि स्वतःला मोठा खेळाडू समजत होता.

त्यानं पेटी अथपासून इतिपर्यंत चाळली. उडणाऱ्यांपैकी एकाचंच पत्र तिच्यात नव्हतं. ते कोण लिहिणार? वरची कचेरी. छापील. 'सर्वांचा लाडका अधिकारी.' ऑरिनला पुन्हा संताप आला, पण या खेपेला वेगळ्याच माणसांचा. त्यानं कोरा कागद ओढला.

दुपारी एकवीसपैकी एकोणीस विमानं उतरली. डेल्बर्टनं खाली उडी मारली आणि चिखलाचा मुका घेतला. ऑरिन खिडकीशी उभा राहून रडला आणि लगेच नाक पुसून शेगडी पेटवायला लागला.

कर्नल आला. गालांवर ऑक्सिजनच्या मास्कचे वळ तसेच होते. बसला नाही. न आलेल्या दोन विमानांतल्या वीस जणांची पत्रं त्यानं बाजूला काढली आणि प्रत्येकावर हातानं आजची तारीख घातली. मग डेल्बर्टचं पत्र शेगडीत टाकलं.

पेटी लावताना कर्नलचा हात थबकला. हॅडली हे आडनाव जिथे यायला हवं, तिथे एक घडी घातलेला कागद होता. अक्षर त्याचं नव्हतं.

"हे कुणाचं?"

"तुमचं, सर," ऑरिन म्हणाला. "वाचायचं नाही. अजून चौदा राहिल्यात. झाल्या की मी स्वतः जाळीन."