आईची शिकवणी

"पुढच्या आठवड्यापासून शिकवणी थांबवू या. अर्थशास्त्र आता तुझं तुला जमतंय," वृंदा मॅडम लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणाऱ्या शाल्मलीला म्हणाल्या.

बारावीतली शाल्मली खूश झाली नाही. "नका ना थांबवू," ती खाली बघत म्हणाली. "कॉलेजात वर्ग भरलेला असतो. घरी आई पार्लरमधून दमून येते. माझ्या एकटीशी तासभर बोलतं असं तुमच्याशिवाय कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिच्या आईला फोन केला. "शिकवणीच्या वेळेत आता शाल्मली तुम्हाला शिकवेल. तुम्ही फक्त समोर बसा."

"मला काय कळणार त्यातलं?"

"नाही कळलं तर तिला विचारा."

महिन्याभराने आईचाच फोन आला. "मागणीची लवचिकता माझ्या डोक्यात अजून शिरत नाही," ती हसत म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "काल शिकवता शिकवता शाल्मली मैत्रिणीशी झालेल्या भांडणाचं सांगायला लागली. रडली. पुस्तक तसंच राहिलं."

परीक्षा तोंडावर आली होती, तरी धडा कुठवर झाला, हे मॅडमनी विचारलं नाही.