शनीचं कडं

महिन्याभरात स्कूटरवर दुसरा ओरखडा दिसला, तेव्हा लेकीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"कुणीतरी घासून गेलं असेल," बाबा म्हणाले.

याच स्कूटरवरून ते रोज नातीला शाळेत सोडायचे. डोळे तपासायचं नाव काढलं की खवळायचे, "माझे डोळे अजून शाबूत आहेत!"

संध्याकाळी लेकीने गच्चीवर बाबांचीच जुनी दुर्बीण शनीवर लावली. "बघा बरं, कसा दिसतोय?"

बाबांनी डोळा लावला. "वा! कडं काय झकास दिसतंय. अगदी टोपीच्या काठासारखं!"

दर पंधरा वर्षांनी शनीचं कडं आपल्याकडे धार करून उभं राहतं आणि काही दिवस दुर्बिणीतूनही दिसेनासं होतं, हे लहानपणी लेकीला बाबांनीच शिकवलं होतं. सध्या तेच दिवस चालू होते.

सकाळी नात दप्तर घेऊन दारात उभी होती आणि बाबा भिंतीवरचा रिकामा खिळा चाचपत होते. "अगं, स्कूटरची किल्ली कुठे गेली?"

त्यांच्या डोळ्यांकडे न बघता लेक म्हणाली, "कुणीतरी नेली असेल."