खंडेनवमीचं तेल

प्रसेनजीतनं ब्रेकचा पॅड उचलला आणि तो बोटांतून निसटला.

त्यानं तो परत उचलून नाकाशी नेला. खोबरेल. दुसरा उचलला, तिसरा, चौथा. चारही तेल पिऊन काळे पडलेले. प्रत्येकाच्या पाठीवरच्या पत्र्याला कुंकवाचं बोट. काल संध्याकाळी झीज मोजायला त्यानं ते गाडीतून काढले होते आणि शेडमध्ये कापडावर, पान्या-पकडींच्या शेजारी ठेवले होते. आज खंडेनवमी. हत्यारांबरोबर पॅडचीही पूजा झाली होती. पॅड ज्यांना चिमटतात त्या पुढच्या चाकांच्या डिस्कही कुणीतरी घासून, तेल लावून आरशासारख्या करून ठेवल्या होत्या.

"कुणी केलं हे?"

"मी," हंबीरराव म्हणाले. रेसची गाडी त्यांची, शेडमागची डेअरी त्यांची, आणि गाडी चालवणारा धैर्यशील त्यांचा एकुलता एक. "पहाटे अंघोळ करून सोताच्या हातानं केलं. डिस्क किती काळवंडलीवती! आता बघ."

ती काळपट झाक आणायला प्रसेनजीत आठवडाभर खपला होता. गाडी पळवायची, जोरात ब्रेक दाबायचा, पुरती थांबायच्या आत सोडायचा, परत पळवायची, मग निवू द्यायची. असं करता करता पॅडवरचा घासणारा मसाला डिस्कवर पातळ आणि सारखा बसतो, आणि मगच दोघं एकमेकांना नीट धरतात. पॅडही त्यानं पारखून मागवले होते. साधे पॅड ट्रॅकवर चार वळणांत तापून सुटतात. हे थंड असताना आळशी, पण तापले की धरतात.

"हे गेले, आबासाहेब."

"पेट्रोलनं धू की."

"वरचं जाईल. आत मुरलेलं तेल गाडी तापली की वर येणार."

हंबीरराव हसले. "शास्त्रज्ञ, तुमच्यात खंडेनवमी न्हाय, ठावं हाय मला. म्हणून आमच्या पूजेत खोट काढायची व्हय?"

पदार्थविज्ञान घेऊन प्रसेनजीत बी.एस्सी. झाला होता. घर्षणाला जात असते हे त्याला तिथं कुणी शिकवलं नव्हतं.

धैर्यशील हेल्मेट काखेत मारून उभा होता. "एक फेरी मारून बघतो की, आबा. कळंलच."

"कळंल," प्रसेनजीत म्हणाला. "पण तुला न्हाय, आम्हाला."

दाराशी उभा असलेला कृष्णात, डेअरीच्या व्हॅनचा ड्रायव्हर, खाली बघू लागला.

प्रसेनजीतनं त्यातलेच दोन पॅड एका चाकात बसवले, चाक जॅकवर उचललं, गिअर काढला आणि धैर्यशीलला आत बसवलं. "दाब. जीव खाऊन दाब. आबासाहेब, आता चाक फिरवा."

"ब्रेक दाबल्यावर चाक फिरतंय व्हय रं कधी?" म्हणत हंबीररावांनी तालमीत मुरलेले हात टायरला घातले. जोर लावला. चाक कुरकुरलं, हललं आणि हळूहळू फिरू लागलं. अर्धा वेढा झाल्यावर त्यांनी हात काढले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दाबतोस का न्हाय रं?"

"पायाला कळ लागली, आबा!" आतून धैर्यशील ओरडला.

हंबीररावांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं. "काढ. काढ ते आधी. नवीन बसीव. आज फेरी न्हाय, काय न्हाय. एकुलतं एक पोरगं हाय माझं."

प्रसेनजीतला बरं वाटलं. माणसाला एकदा डोळ्यांनी दिसलं की पुरे, असं त्याच्या मनात आलं. नव्या पॅडचा डबा त्यानं कपाटातून काढला, डिस्क स्पिरिटनं पुसायला घेतल्या आणि तेलकट पॅड भंगाराच्या डब्याकडे नेले.

"आं? ते कुठं टाकतोस?"

"भंगारात."

"पूजेचे हाईत ते! आन अजून जाड हाईत की. आपल्या व्हॅनला हेच बसत्यात न्हवं?"

व्हॅन त्याच कंपनीची होती. पॅड तेच बसत.

"आबासाहेब, आत्ता तुम्ही सोताच्या हातानं चाक फिरवलंसा."

"अरं, ती रेस. व्हॅन काय, चाळीसनं पळती. सांजंला डेअरीतल्या बायका घरी सोडायच्या, बास. कृष्णात, घे रं. सांभाळून ने, पूजेचे हाईत."

कृष्णातनं चाक फिरताना बघितलं होतं. तरीही त्यानं चप्पल काढली आणि प्रसाद घ्यावा तसे दोन्ही हात पुढे केले.

पहाटे तेल लावताना निदान आबासाहेबांना माहीत नव्हतं. प्रसेनजीतनं कृष्णातच्या हातांकडे बघितलं, मग वळून पॅड लोखंडी ठोकळ्यावर ठेवला, कडेला छिन्नी लावली आणि हातोडा घातला. मसाला वडीसारखा तुटून जमिनीवर पडला.

"अरं! पूजेच्या वस्तूवर हातोडा घालतोस?"

दुसरा घाव. तिसरा. चौथा. प्रसेनजीतनं उरलेले चार पत्रे उचलले आणि परत पूजेच्या कापडावर, पान्यांच्या शेजारी, ओळीनं मांडले.

पाठीवरचं कुंकू जसंच्या तसं होतं.