पोटातला बॉल

"डॉक्टर, माझ्या पोटात बॉल येतो," असं तन्मयनं चेन्नईतल्या सर्जनला आपल्या इंग्रजीत सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला. भल्या माणसानं दोनदा सोनोग्राफी केली, नळी घालून पाहिलं, पण बॉल काही सापडेना. शेवटी त्यानं हात टेकले. "पोट उघडून बघण्याआधी एकदा मनामुळे होणाऱ्या दुखण्यांचा डॉक्टर गाठा," म्हणाला.

असला डॉक्टर शोधायचा कुठे? तन्मयनं यलो पेजेस पालथी घातली, तेव्हा कुठे अण्णा नगरात डॉ. विजयालक्ष्मी राव सापडल्या. त्या निघाल्या तंजावरच्या मराठी!

"कधी येतो हा बॉल?" त्यांनी मराठीतच विचारलं.

"सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की."

"अहो, मग पोटात गोळा येतो म्हणा की!" बाई एवढ्या हसल्या की नर्स दारातून डोकावली. तन्मयही हसला, चेन्नईत आल्यापासून पहिल्यांदाच.

"पण हे सर्जनना कसं पटवायचं?"

"तमिळमध्येही याला वाक्प्रचार आहे," म्हणत बाईंनी तमिळमध्ये एक ओळ खरडून दिली. तन्मयला त्यातलं अक्षरही कळेना. सर्जननं मात्र ती वाचली आणि कपाळावर हात मारला.

"साहेबानं बोलावलं की पोटात चिंच कोळल्यासारखं होतं, एवढं साधं सांगता येत नव्हतं? उगाच बॉल, बॉल करत बसलात!"