हात वर करा

शिडीवरून पडलेला माणूस पडद्यावर अगदी स्वच्छ दिसत होता. गोदाम सतरा, कॅमेरा तीन, चित्राचा दर्जा उत्तम. तसं कोपऱ्यात लिहिलेलंच होतं.

"सर, येतो-काका पडले," पडद्यांवर नजर ठेवायला बसलेली मुलगी म्हणाली.

शिफ्टप्रमुख चहाचा कप हातात घेऊनच उठला.

येतो-काका म्हणजे सतराचे स्टोअरकीपर. खरं नाव दोघांनाही माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी गोदाम बंद करताना ते कॅमेऱ्याकडे बघून हात वर करायचे आणि म्हणायचे, येतो. तिकडचा आवाज इकडे येत नसे, पण ओठांवरून तेवढं कळायचं. मग इकडे तीही हात वर करायची. सहा महिने हे चालू होतं. काकांच्या दृष्टीने अर्थातच ते एका डबीशी बोलत होते.

आज सुट्टी. दुपारी काका एकटेच आले, वरच्या रॅकवर राहिलेला चष्मा काढायला. तो काढायला चष्म्याशिवाय शिडी चढले. आता ते फरशीवर आडवे होते आणि डोक्याजवळचा काळसर डाग हळूहळू पसरत होता.

तिने अँब्युलन्सला फोन लावला.

"पत्ता सांगा," पलीकडचा म्हणाला.

"गोदाम सतरा."

"अहो, पण कुठलं? गाव, रस्ता?"

"ते आम्हाला सांगत नाहीत. उद्या आम्हीच चोरांना टीप दिली तर, म्हणून."

"मॅडम, पत्ता मिळाला की लगेच करा फोन," तो म्हणाला. चांगला माणूस असावा.

मुख्य कार्यालयाचा फोन सुट्टीवर होता. एक बाई रेकॉर्डवरून सांगत होती की आपली सुरक्षा हेच आमचं काम.

"पत्ता कंपनीकडे असतो," शिफ्टप्रमुख म्हणाला.

"मग आपण कोण?"

"आपण रिमोट."

पडद्याखाली चार बटणं होती: कर्मचारी, जनावर, वारा, चोर. काका आत आले तेव्हा तिने 'कर्मचारी' दाबलं होतं. ते दाबलं की विषय मिटतो. कंपनीचं पथक निघतं ते फक्त 'चोर' दाबल्यावर. पत्ता त्यांच्या गाडीत आपोआप उमटतो.

"दाबू?"

"विचार कर. चोर म्हणून एकदा नोंद झाली की पुसता येत नाही. गोदाम चारमध्ये माझ्या हातून मांजरीवर चुकून दाबलं गेलं होतं. दीड वर्ष झालं, अजून तिच्या नावे नोटिसा निघतात."

"काकांची नोकरी जाईल."

"जाईल."

तिने दाबलं.

पट्टी लाल झाली. पथक निघालं, पोचायला अकरा मिनिटं. त्याखाली बारीक अक्षरांत: दोन मिनिटं गोदामाच्या आत हालचाल न दिसल्यास धोका टळला असे समजून पथक परत बोलावले जाईल. आणि आकडे उलटे धावू लागले.

"हे काय, सर?"

"चोर पळून गेला तर डिझेल कशाला जाळायचं, असा विचार आहे."

इथून बोलायला माईक नव्हता. गोदामातल्या भोंग्यासाठी तीन वाक्यं रेकॉर्ड करून ठेवलेली होती. तुम्ही आमच्या नजरेत आहात. हात वर करा. आहात तिथेच थांबा, आमची माणसं येत आहेत.

त्यातल्या त्यात मायेचं म्हणून तिने आधी तिसरं दाबलं. काकांचं डोकं किंचित वळलं, कॅमेऱ्याच्या दिशेने. मग तिने दुसरं दाबलं.

सतरा नंबरमध्ये कोणीतरी दरडावलं असणार. काकांचा उजवा हात वर आला. आकडे पुन्हा दोन मिनिटांवर गेले.

मग हेच चाललं. मिनिटभर थांबायचं, आमची माणसं येत आहेत. आणखी थोडं थांबायचं, हात वर करा. काका निमूटपणे हात वर करत होते. इतका ऐकणारा चोर कंपनीला आजवर मिळाला नव्हता. पाचव्या मिनिटाला हात कोपरापर्यंतच आला. सातव्याला फक्त बोटं हलली. यंत्राने बोटंही हालचाल म्हणून धरली.

शिफ्टप्रमुखाने कप खाली ठेवला आणि तो तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. "काका," तो पडद्याला म्हणाला, "नुसती बोटं हलवा. बाकी काही नको."

नववं मिनिट. फाटकावरच्या कॅमेऱ्यात रस्त्याच्या टोकाला पथकाची गाडी दिसू लागली. ठिपक्याएवढी.

तिने बटण दाबलं. या वेळी हात पूर्ण वर आला, सरळ, रोज संध्याकाळी यायचा तसा. ओठ हलले. मग हात खाली गेला.

"काय म्हणाले?" शिफ्टप्रमुखाने विचारलं.

हात वर करा. आमची माणसं येत आहेत. हात वर करा. ती दाबत राहिली. गाडी मोठी होत फाटकाशी आली, दार उघडलं, एकाने पाय बाहेर टाकला.

पट्टी हिरवी झाली. धोका टळला. अभिनंदन.

तिने 'चोर' दाबलं. बटण करडं पडलं होतं: नव्या हालचालीशिवाय नवा चोर नोंदवता येणार नाही.

पाय आत गेला. दार लागलं. गाडी मागे गेली, वळली. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता, तरी ड्रायव्हरने इंडिकेटर दिला.