मरियमफुफीची अंघोळ

दुपार टळत आली तरी मरियमफुफीला अंघोळ घालायला कोणी पुढे होईना.

घर बायकांनी गच्च भरलं होतं. ओसरीवर, स्वयंपाकघरात, मागच्या परसात, टेकायला जागा मिळेल तिथे बायका बसल्या होत्या. मोरा बंदरावरच्या वस्तीत कोणी बाई वारली की तिला शेवटची अंघोळ घालायचं काम फुफीचं. इतकी वर्षं दुसऱ्या कोणाला त्याचा विचारच करावा लागला नव्हता. फुफी आहे ना, एवढं म्हटलं की झालं. आता फुफीच फळीवर निजली होती, आणि प्रत्येकीला अचानक दुसरीकडे बघण्यासारखं काहीतरी सापडत होतं.

समराचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी वाशीच्या ऑफिसात फोन आला, ती तशीच बस पकडून निघाली आणि आल्यापासून बसलीच नव्हती. नुसत्या येरझाऱ्या. कोणी पाण्याचा ग्लास हातात दिला तर तो घेऊन ती दुसऱ्या खोलीत जाई आणि तिथेच कुठेतरी ठेवून येई. आई गेल्यावर तिला आणि तिच्या भावाला, सादिकला, या फुफीनेच, त्यांच्या सख्ख्या आत्याने, वाढवलं होतं.

सादिक दाराशी येऊन सांगून गेला. मौलवीसाहेब म्हणतात, कठीण काही नाही, पडद्याबाहेरून ते सगळं सांगत राहतील, फक्त कोणीतरी सुरुवात करा. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाआधी उरकायला हवं. नगरपालिकेची माणसं हार घेऊन केव्हाची उभी आहेत. फुफी दोनदा निवडून आली होती, त्यामुळे हार मोठा होता आणि धरणारे दोघे अवघडले होते.

समराला राग आला होता. नगरपालिकेवर नाही, बायकांवरही नाही, फुफीवर. कोणाचं रेशनकार्ड, कोणाचं बाळंतपण, कोणाच्या नवऱ्याची दारू, गल्लीचा नळ. सगळ्या जगाचं करत बसली. समराच्या साखरपुड्याच्या दिवशीही कोणाची तरी सासू वारली म्हणून भर पाहुण्यांतून उठून गेली आणि ओल्या बाह्यांनी परत येऊन बिर्याणी वाढायला लागली. स्वतःच्या वेळेची सोय मात्र करून ठेवली नाही. हातभार लावणाऱ्या चिक्कार होत्या. एक पाणी तापवायची, एक कापूर कुटायची, एक कफन बेतायची. शेजारची बतूलचाची तांब्याने पाणी ओतायची. अंगाला हात लावायचा तो फुफीने, आणि समरा त्या खोलीच्या आसपास दिसली की तिला हाकलून द्यायची. जा, अभ्यास कर.

“आमी सगळ्या हाव ना,” बतूलचाची म्हणाली. “हात तेवडा कोनीतरी लावा.”

समराने बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या आणि बाह्या वर सारल्या.

पडदा बांधला गेला. बाहेरून मौलवीसाहेब एकेक गोष्ट सांगत होते, आत समरा करत होती. चादरीखाली फुफीचं अंग किती लहान होतं. हीच बाई समराला लहानपणी परसात धरून घासायची, आणि समरा पळून जायची.

काम सुरू झालेलं पाहून बायकांना धीर आला, आणि धीर आला तशा त्या बोलायला लागल्या. लाँच बंद असताना फुफीने मच्छीमाराची होडी काढायला लावून एकीला मुंबईच्या इस्पितळात नेलं होतं. दुसरीच्या मुलीला शाळेत परत बसवलं होतं. प्रत्येकीचं शेवटी एकच. फुफी मान कलती करून अगदी जवळ यायची, असं ऐकायची की बस. तिचा माझ्यावर जरा जास्तच जीव होता, असं एक म्हणाली, मग दुसरी म्हणाली, मग तिसरी. समरा ओठ मिटून ऐकत होती. सगळ्यांनी फुफी वाटून घेतली होती आणि आज, या शेवटच्या दुपारीही, ती समराच्या एकटीच्या वाट्याला येत नव्हती.

बतूलचाचीने चेहऱ्यावर पाणी सोडायला तांब्या कलता केला. समराने झटकन हात आडवा धरला.

“उजव्या कानात पाणी जाऊ देऊ नका. तिला लगेच ठणका लागतो.”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. कानाला काय झालं होतं, असं बतूलचाचीने हळूच विचारलं.

“त्या कानाने तिला ऐकूच येत नव्हतं,” समरा म्हणाली. “लहानपणापासून. म्हणून मान कलती करायची.”

कोणालाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कोणालाच नाही. कोणीतरी पदराने डोळे टिपले. समराने कापसाचा बोळा वळला, फुफीच्या उजव्या कानात अलगद बसवला आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला रडू आलं. रडता रडताच तिने विरळ केस धुतले, त्यांच्या तीन वेण्या घातल्या, मागे सोडल्या.

मग पुरुष आत आले आणि जनाजा उचलून घेऊन गेले. बायका घरीच राहिल्या. समरा परसात भिंतीला टेकून बसली. तिचा कुडता गुडघ्यापर्यंत भिजला होता. शेवटची बस किती वाजता असेल, याचा ती हिशेब करत होती.

बतूलचाची तिच्याशेजारी येऊन बसली.

“माज्या टायमाला तूच ये,” ती म्हणाली.

“चाची, मी वाशीला राहते.”

“वाशी काय दूर नाय.” चाचीने गुडघ्यावर हात टेकला आणि कष्टाने उठली. दोन पावलं जाऊन पुन्हा वळली. “आनि मला गार पानी सोसत नाय. ध्यानात ठेव.”